सह्याद्रीचा खर्च करदात्याने का करायचा?

तुमचा प्रश्न असा : टीव्ही लोकांच्या पैशांतून चालवावा की जाहिरातींवर सोडून द्यावा? त्याच्या पोटात आणखी दोन प्रश्न आहेत. जाहिरातींवर चालणाऱ्या वाहिन्या प्रेक्षकाला फुकट मिळत असतील, तर दूरदर्शनच्या सह्याद्रीसारख्या फारशा न बघितल्या जाणाऱ्या वाहिनीवर कराचा पैसा का घालवायचा? आणि घालवायचाच असेल, तर ब्रिटनच्या बीबीसीसारखं, टीव्ही बघणाऱ्या घरांनी भरायचं परवाना शुल्क आपल्याकडे का नाही?

मी आधी दूरदर्शनला प्रायोजित मालिका पुरवणाऱ्या एका निर्मितीसंस्थेत होतो आणि नंतर एका खासगी मराठी वाहिनीच्या कार्यक्रम विभागात. दोन्हीकडचं मीठ खाल्लं आहे, त्यामुळे दोन्हीकडचे लोक माझ्यावर नाराज होतील हे धरूनच लिहितो. माझं मत असं : सार्वजनिक वाहिनीवर जाहिरात नसावी, तिला लोकांचा पैसा मिळावा आणि तो पैसा दरवर्षी दिल्लीतल्या माहिती आणि प्रसारण मंत्रालयापुढे हात पसरून मिळवावा लागू नये. यातलं तिसरं कलम पहिल्या दोहोंपेक्षा महत्त्वाचं आहे. चर्चेत नेमकं तेच गळतं.

आधी त्या फुकटाचा हिशेब करू. फेब्रुवारी २०१९ मध्ये ट्रायची, म्हणजे दूरसंचार नियामकाची, नवी दरपद्धती लागू झाली तेव्हा पहिल्या शंभर वाहिन्यांचं मूळ भाडं जास्तीत जास्त १३० रुपये होतं. वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १५३ रुपये ४० पैसे. हे पैसे केबलवाल्याचे किंवा डीटीएच कंपनीचे. घराघरांत रात्री लागणाऱ्या मोठ्या मराठी मनोरंजन वाहिन्यांची किंमत त्यावर वेगळी. एवढं भरूनही अर्ध्या तासाच्या मालिकेतले ब्रेक काही चुकत नाहीत. १९९४ च्या केबल नियमांनुसार तासाला १२ मिनिटांपेक्षा जास्त जाहिराती दाखवता येत नाहीत : दहा मिनिटं इतरांच्या, दोन मिनिटं स्वतःच्या कार्यक्रमांच्या. २०१३ मध्ये ट्रायने हा नियम काटेकोर पाळायला लावायचं ठरवलं, तर वाहिन्या दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या. कुठल्याही प्राइम टाइमला घड्याळ लावून बसा, नियमाचं काय होतं ते दिसेल. शिवाय जाहिरातीचा खर्च कंपनी स्वतःच्या खिशातून करत नाही. भारतात टीव्हीवर सर्वांत जास्त जाहिरात करणाऱ्यांत हिंदुस्थान युनिलिव्हर आणि रेकिट यांची नावं कायम वर असतात. साबण, शाम्पू, कपडे धुण्याची पावडर, संडास धुण्याचं औषध यांच्या किमतीत तो खर्च मिसळलेला असतो. ज्याच्या घरी टीव्ही नाही, तोही साबण घेतोच. म्हणजे जाहिरात हाही एक प्रकारचा करच आहे. फरक इतकाच की तो कुणी लावला आणि कशासाठी वापरला, हे विचारायला विधानसभा किंवा संसद नसते.

आता जाहिरातीचं गणित. जाहिरातदारासाठी टीव्हीवरची वेळ निवडणारा मीडिया प्लॅनर कार्यक्रम विकत घेत नाही, रेटिंग पॉइंट विकत घेतो, म्हणजे तो कार्यक्रम किती जण बघतात त्याचं माप. आकडे हिशेबापुरते गोल धरतो. समजा, एका रेटिंग पॉइंटमागे दहा सेकंदांना २,५०० रुपये असा सौदा ठरला आहे. मालिकेला ४ रेटिंग आहे, म्हणून दहा सेकंदांचा दर १०,००० रुपये. अर्ध्या तासात सहा मिनिटं जाहिराती धरल्या तर दहा-दहा सेकंदांचे ३६ तुकडे होतात, म्हणजे ३ लाख ६० हजार. त्यातून जाहिरात एजन्सीचं १५ टक्के कमिशन गेलं की ३ लाख ६ हजार उरले. भागाचा निर्मितीखर्च दोन लाख असेल तर वाहिनीच्या हातात लाखभर राहतात. त्यातून उपग्रहाचं भाडं, पगार, होर्डिंगं आणि आपटलेल्या मालिकांचा तोटा भागवायचा. आता त्याच वेळेला ०.४ रेटिंगचा कार्यक्रम लावा. तेच ३६ तुकडे, पण हातात येतात ३० हजार ६००. तो कार्यक्रम दोन लाखांऐवजी पन्नास हजारांत केला तरी बुडीतच.

यात कुणाची दुष्ट बुद्धी नसते. कार्यक्रम विभागातली बरीच माणसं नाटकातून, साहित्यातून आलेली असतात. गप्पांत ती अरुण कोलटकरांवर बोलतील आणि बैठकीत सासूने सुनेला घराबाहेर काढण्याचा ट्रॅक दोन आठवडे लांबवतील. गुरुवारी बार्कचे, म्हणजे टीव्हीचे प्रेक्षक मोजणाऱ्या संस्थेचे, आकडे येतात. आकडा पडला की पुढच्या आठवड्याची कथा बदलते, कुणाची तरी स्मृती जाते, कुणाचं तरी लग्न मांडवात मोडतं, रविवारी एका तासाचा महाएपिसोड लागतो. आणि हा आकडा काढतात कसा? देशात टीव्ही असलेली घरं एकवीस कोटींच्या आसपास, कोणती वाहिनी लागली ते नोंदवणारं मीटर बसवलेली घरं पंचावन्न हजारांच्या आसपास. नमुना पाहणी म्हणून त्यात काही चूक नाही. पण मराठी बाजारपेठेतल्या एखाद्या वेळेचा, एखाद्या वयोगटाचा आकडा काढायला गेलं की उरणारी घरं फार थोडी असतात. ऑक्टोबर २०२० मध्ये मुंबई पोलिसांनी टीआरपी घोटाळ्याचा गुन्हा नोंदवला तेव्हा आरोप हाच होता की मीटर असलेल्या मोजक्या घरांना पैसे देऊन आकडा हलवला गेला. त्यानंतर बातम्यांच्या वाहिन्यांचं रेटिंग बंद झालं, ते मार्च २०२२ मध्ये परत आलं. त्या काळात जाहिराती काही थांबल्या नाहीत, यावरून कोणी काय समजायचं ते समजावं.

या मोजणीत महाराष्ट्र आणि गोवा ही एकच बाजारपेठ धरतात. त्यामुळे कोकणी बोलणारा प्रेक्षक त्या आकड्यात विरघळून जातो. मोठ्या खासगी जाळ्यांनी मराठी, बांगला, कन्नड, मल्याळम अशा सगळ्या वाहिन्या काढल्या, कोकणी मनोरंजन वाहिनी कुणी काढली नाही. कोकणी संविधानाच्या आठव्या अनुसूचीत आहे, गोव्याची राजभाषा आहे, पण प्लॅनरच्या तक्त्यात तिला रकाना नाही. तिला जी काही राष्ट्रीय जागा मिळते ती आकाशवाणी आणि दूरदर्शनच्या पणजी केंद्रावर. महाराष्ट्रातही हेच छोट्या प्रमाणात चालतं. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदियात झाडीपट्टी रंगभूमी तिकीटबारीवर जोरात चालते, पण तिथली बोली मुंबईत बनणाऱ्या मालिकेत आली तर गडी, मोलकरीण किंवा विनोदी पाहुणा यांच्याच तोंडी. मुंबई-पुण्याचा प्रेक्षक जाहिरातदाराला महाग विकता येतो, आरमोरीचा विकता येत नाही. लेखकांना दोष देऊ नका.

शेतीच्या कार्यक्रमाचं उदाहरण मी जरा लांबवून देणार आहे, कारण जाहिरातीची आणि सरकारची, अशा दोन्ही तिजोऱ्यांची खोड त्यात एकाच ठिकाणी दिसते. मुंबई दूरदर्शनवरचा ‘आमची माती, आमची माणसं’ आठवत असेल. खासगी वाहिनीवर असा कार्यक्रम चालवायचा तर प्रायोजक कोण मिळणार? बियाणं कंपनी, कीटकनाशक कंपनी, ठिबकवाले, ट्रॅक्टरवाले. मिळतातही, आणि असे कार्यक्रम होतातही. आता २०१७ चा पावसाळा आठवा. यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले, शेकडो दवाखान्यात गेले. डोक्याच्या वर वाढलेला कापूस, दोन-तीन औषधं एकत्र करून मारण्याची पद्धत, ना मास्क ना हातमोजे, अशी कारणं तेव्हा पुढे आली. कीटकनाशक कंपनीच्या पैशांवर चालणाऱ्या कार्यक्रमात त्या आठवड्यात काय दाखवतील? फार तर ‘फवारणी करताना घ्यायची काळजी’. अमुक औषध मारूच नका, तमक्या किडीसाठी फवारणीची गरजच नाही, असं कुणी म्हणणार नाही. कंपनीचा फोन आला म्हणून नव्हे. फोन कधीच येत नाही. विषय काढणारा संशोधकच तो मुद्दा कागदावर लिहीत नाही, कारण पुढच्या तिमाहीचं प्रायोजकत्व त्यालाही माहीत असतं.

आणि सरकारी पैशांवर चालणाऱ्या कार्यक्रमात? तिथे कीटकनाशकावर बोलता येतं, कृषी विद्यापीठातले तज्ज्ञ येऊन अगदी नीट सांगतात. पण अनधिकृत औषधं विकणाऱ्या दुकानांची तपासणी कुणी करायची होती, जिल्ह्यात रुग्ण वाढताहेत हे वर कळायला इतका वेळ का लागला, हे प्रश्न तिथे अडकतात. तिथेही फोन येत नाही. स्टुडिओत बसलेला पाहुणा त्याच खात्याचा असतो, इतकंच. दोन्ही कार्यक्रम प्रामाणिक माणसांनी केलेले असतील, तरी फवारणी करणाऱ्या मजुराला अर्धंच कळतं. प्रत्येक पैसे देणाऱ्याचा एक आंधळा कोपरा असतो. म्हणून पैसा कुठून आला यापेक्षा, तो देणारा माणूस कार्यक्रम करणाऱ्याच्या किती जवळ बसलाय, हे मी आधी बघतो.

सरकारी पैसा म्हणजे सरकारी तोंड, असं म्हणणाऱ्यांना मी खेड्याचं उदाहरण देतो, गुजरातेतल्या खेडा जिल्ह्याचं. १९७५ मध्ये इस्रोने पीज गावात एक छोटा प्रक्षेपक लावला आणि अहमदाबादच्या आपल्या केंद्रातून आसपासच्या गावांसाठी गुजरातीत कार्यक्रम सुरू केले. जाहिरात नाही. शेतमजुराची मजुरी, जातीचे चटके, सावकारी असे विषय, आणि बऱ्याच कार्यक्रमांत गावचीच माणसं. १९८४ मध्ये त्याला ग्रामीण संज्ञापनासाठी युनेस्कोचा पुरस्कार मिळाला. पैसा भारत सरकारचाच होता. फक्त तो माहिती आणि प्रसारण मंत्रालयाच्या टेबलावरून आला नव्हता, अवकाश खात्यातून आला होता, आणि त्या लोकांना कुठल्या मंत्र्याचं भाषण रात्रीच्या बातम्यांत पहिलं घ्यायचं याची फिकीर नव्हती.

दूरदर्शनची गोष्ट उलटी आहे. दिल्लीत १५ सप्टेंबर १९५९ ला प्रायोगिक प्रसारण सुरू झालं, मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ ला. तेव्हा सेट असलेल्या घराला परवाना लागायचा, पोस्टात जाऊन पैसे भरायचे. म्हणजे बीबीसीची पद्धत आपल्याकडे होतीच. १ जानेवारी १९७६ पासून दूरदर्शनने जाहिराती घ्यायला सुरुवात केली. तारीख बघा, आणीबाणीचा काळ. जाहिराती आल्या की सरकारची पकड सैल होते हे तत्त्व खरं असतं तर तेव्हा काही तरी दिसायला हवं होतं. वर्षभराने, फेब्रुवारी १९७७ मध्ये, दिल्लीतल्या रामलीला मैदानावर विरोधकांची सभा होती तेव्हा लोक घरी थांबावेत म्हणून एक लोकप्रिय हिंदी चित्रपट दूरदर्शनवर लावला गेला. जाहिरातींमुळे उत्पन्न वाढलं, मालक तोच राहिला. १९८५ मध्ये परवाने रद्द झाले आणि प्रेक्षकाचा उरलासुरला थेट धागाही तुटला.

त्याच सुमारास प्रायोजित मालिकांची लाट आली. १९८४ ची ‘हम लोग’ मॅगी नूडल्सच्या पैशांवर चालली, १९८७ च्या ‘रामायण’ने रविवारची सकाळ किती किमतीची आहे ते दाखवून दिलं. या पद्धतीत निर्माता वाहिनीकडून पैसे घेत नसे. उलट तोच दूरदर्शनला टेलिकास्ट फी भरायचा, आणि बदल्यात त्याला काही सेकंद मिळायचे. त्याला आम्ही एफसीटी म्हणायचो, फ्री कमर्शियल टाइम. ते सेकंद बाजारात नेऊन विकायचे आणि त्यातून मालिकेचा खर्च काढायचा. दूरदर्शन खोल्या भाड्याने देणारं घरमालक झालं आणि निर्माता भाडेकरू. दिवसा चित्रीकरण, संध्याकाळी जाहिरात एजन्सीच्या दारात. घरमालकाला खोलीत काय शिजतंय याच्याशी देणंघेणं नव्हतं, भाडं वेळेवर आलं की झालं. आणि वर स्लॉटची मुदतवाढ मिळवायला ज्या फाइली फिरवाव्या लागत, त्यावर न बोललेलं बरं. पहिल्या दशकात मुंबईच्या ज्या केंद्रावर ‘गजरा’, ‘प्रतिभा आणि प्रतिमा’ यांसारखे कार्यक्रम तिथलेच निर्माते आपल्या हिमतीवर उभे करत, तिथे नंतर स्वतः काही बनवण्याची सवयच मोडली. सरकारी बंधनं तशीच राहिली आणि बाजाराचे दोष वर आले.

तो मधला काळ कागदोपत्री मात्र स्वायत्ततेचा होता. पत्रकार बी. जी. वर्गीस यांच्या गटाने १९७८ मध्ये ‘आकाशभारती’ या स्वतंत्र न्यासाची शिफारस केली. आकाशवाणी आणि दूरदर्शन चालवणाऱ्या प्रसारभारती या स्वायत्त संस्थेचा कायदा १९९० मध्ये झाला आणि लागू व्हायला १५ सप्टेंबर १९९७ उजाडलं. दरम्यान ९ फेब्रुवारी १९९५ ला सर्वोच्च न्यायालयाचा क्रिकेट प्रक्षेपणाच्या प्रकरणातला निकाल आला. तो लिहिणाऱ्या न्यायमूर्तींत आपले पी. बी. सावंत होते. प्रसारणाच्या रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, तिच्यावर सरकारची मक्तेदारी नको, आणि ती पैसेवाल्यांच्या हाती मोकळी सोडणंही नको, असा त्याचा आशय. आजही या विषयावर यापेक्षा नेमकं काही वाचायला मिळत नाही. प्रत्यक्षात निकालानंतर खासगी वाहिन्या वाढल्या आणि प्रसारभारतीला मंडळ मिळालं, पण वर्षाचा पैसा मंत्रालयाच्या अर्थसंकल्पातूनच येत राहिला. ज्याच्या हातात पगाराचा चेक आहे, त्याला आदेश लेखी द्यावा लागत नाही.

बाहेरच्या देशांचं थोडक्यात सांगतो, कारण इथे बीबीसीचं नाव फार भाबडेपणाने घेतलं जातं. ब्रिटनमध्ये एप्रिल २०२५ मध्ये हे शुल्क घरटी वर्षाला १७४.५० पौंड झालं, आपले जवळपास वीस हजार रुपये. शुल्क लोक भरतात, पण किती भरायचं ते सरकार ठरवतं. जानेवारी २०२२ मध्ये तिथल्या सरकारने ते दोन वर्षांसाठी १५९ पौंडांवर गोठवलं, महागाई चढत असताना. बीबीसीने कार्यक्रम आणि माणसं कमी केली. फ्रान्सने त्याच वर्षी १३८ युरोंचं शुल्क रद्दच केलं. जर्मनीची रचना मला जास्त पटते. तिथे २०१३ पासून सेट असो नसो, प्रत्येक घराला योगदान भरावं लागतं, महिन्याला १८ युरोंच्या आसपास. रक्कम किती असावी ते एक स्वतंत्र तज्ज्ञ आयोग हिशेब तपासून सुचवतो. २०२० च्या अखेरीस एका राज्याने वाढ अडवून धरली, तेव्हा ऑगस्ट २०२१ मध्ये तिथल्या घटनात्मक न्यायालयाने सांगितलं की असं अडवता येणार नाही, आणि वाढ लागू केली. तिथल्या सार्वजनिक वाहिन्यांवर थोड्या जाहिराती असतातही, पण रात्री आठनंतर नाहीत आणि रविवारी नाहीत. अमेरिकेत सार्वजनिक प्रसारणाचा केंद्रीय निधी २०२५ मध्ये संसदेने साध्या बहुमताने काढून घेतला. शुल्क, कर, अनुदान यांपैकी काहीही असलं तरी, तोडायला किती सह्या लागतात यावर त्याचा भरवसा ठरतो.

मग आपल्याकडे परवाना शुल्क? नको. घरोघरी वसुली करायची तर यंत्रणेवरच निम्मा पैसा जाईल, आणि पोस्टातल्या त्या परवान्यांच्या काळात किती सेट बिनपरवान्याचे होते हे जुन्या माणसांना विचारा. शिवाय गरजही नाही. गेल्या काही वर्षांत केंद्राच्या अर्थसंकल्पातून प्रसारभारतीला मिळणारी रक्कम अडीच ते तीन हजार कोटींच्या घरात राहिली आहे. आकाशवाणी आणि दूरदर्शन दोन्ही धरून. एकशे चाळीस कोटी लोकसंख्येला भागलं तर माणशी वर्षाला वीस रुपये. चार-पाच जणांच्या घराला ऐंशी ते शंभर. ब्रिटनमधल्या घराच्या वीस हजारांसमोर ठेवा. तुमचा आक्षेप असा असेल की हे शंभर रुपये वाया जातात, तर त्यात तथ्य आहे, कारण त्यातला फार मोठा भाग पगारांत जातो आणि पडद्यावर दिसणाऱ्या कार्यक्रमाला चिल्लर उरते. पण मग तक्रार पैसा देण्याबद्दल नाही, खर्चाच्या वाटणीबद्दल आहे.

दुसरं उत्पन्नही आहे, त्याची चर्चा होत नाही. डिसेंबर २००४ मध्ये दूरदर्शनने डीडी डायरेक्ट प्लस नावाची डीटीएच सेवा काढली, आताची फ्री डिश. एकदा छत्री आणि डबा विकत घेतला की महिन्याचं भाडं नाही. अंदाजे चार-साडेचार कोटी घरांत ती आहे. त्यावर जागा मिळवायला खासगी वाहिन्यांना लिलावात बोली लावावी लागते, आणि एखाद्या चांगल्या वर्षात हे उत्पन्न हजार कोटींच्या घरात गेलं आहे. मार्च २०१९ मध्ये मोठ्या चार जाळ्यांनी आपल्या हिंदी मनोरंजन वाहिन्या तिथून काढून घेतल्या. ती पोकळी भरत दंगल नावाची वाहिनी देशात पहिल्या क्रमांकावर जाऊन बसली. वर्ष-सव्वा वर्षात मोठी जाळी परत आली. मराठीतही फक्त मराठी, शेमारू मराठीबाणा या वाहिन्या फ्री डिशच्या जोरावरच गावागावांत पोचल्या. म्हणजे जाहिरातींचा पैसा सार्वजनिक प्रसारणाकडे आताच येतोय, आणि तोही योग्य वाटेने : या व्यवहारात जाहिरातदार सार्वजनिक वाहिनीवरच्या कार्यक्रमाच्या जवळपासही फिरकत नाही, तो दुसऱ्याच्या वाहिनीला पैसे देतो आणि ती वाहिनी जागेचं भाडं भरते.

उलट दिशेनेही पैसा वाहतो. जाहिरातींवर चालणाऱ्या म्हणवणाऱ्या मराठी बातम्यांच्या वाहिन्यांचा ताळेबंद बघितला तर केंद्र आणि राज्य सरकारच्या जाहिराती, महामंडळांच्या जाहिराती, सरकारी सोहळ्यांची प्रायोजित प्रक्षेपणं हा ठसठशीत भाग असतो. वर्गणीतून त्यांना जवळजवळ काही मिळत नाही, वर वाहिनी दाखवण्याबद्दल केबलवाल्याला कॅरेज फी द्यावी लागते. म्हणून संध्याकाळी सहा जणांना सहा चौकटींत बसवून भांडायला लावतात. त्याला खर्च नाही. नंदुरबारमधल्या धडगावला बातमीदार, कॅमेरामन आणि गाडी दोन दिवस पाठवायला खर्च आहे. निवडणुकीच्या आधीच्या तीन महिन्यांत ज्या सरकारी जाहिराती येतात त्यांवर वर्षाचं गणित जुळणार असेल, तर त्या वाहिनीला सरकारमुक्त कसं म्हणायचं? करदात्याचा पैसा तिथेही जातोय. फक्त महालेखापाल त्या वाहिनीचे हिशेब तपासत नाहीत.

तेव्हा सह्याद्रीचं काय करावं? जाहिरात पूर्ण बंद. तिला महसुलाचं उद्दिष्ट देणं थांबवा, म्हणजे रेटिंगच्या मागे लागून रडत-पडत सासू-सुना दाखवायची गरज उरणार नाही. ते काम खासगी वाहिन्या उत्तम करतात आणि त्यांनीच करावं. फ्री डिशच्या लिलावाचं उत्पन्न पगारात न मुरवता कायद्याने बाजूला काढून प्रादेशिक केंद्रांच्या निर्मितीसाठीच राखून ठेवा. अर्थसंकल्पातली रक्कम पाच वर्षांची एकदम ठरवा, महागाईला जोडून, आणि मध्येच तोडायची तर संसदेत उघड मतदान घ्यावं लागेल असं करा. जानेवारी २०२३ मध्ये २,५३९ कोटींची यंत्रसामग्रीची योजना मंजूर झाली, चांगलं झालं. पण नवे कॅमेरे आणि नव्या व्हॅन आल्या म्हणून त्यात घालायला कार्यक्रम येत नाहीत.

‘पण बघतं कोण’ हा तुमचा आक्षेप उरतो. मार्च २०२० च्या टाळेबंदीत जुनं ‘रामायण’ पुन्हा लावलं तेव्हा दूरदर्शन देशातली सर्वाधिक बघितली जाणारी वाहिनी झालं. पोचण्याची यंत्रणा आहे, हे त्यावरून कळलं. त्याच वर्षी शाळा बंद असताना जुलैपासून सह्याद्रीवर ‘टिलीमिली’ ही मालिका लागली, पहिली ते आठवीच्या मुलांसाठी, एमकेसीएल या संस्थेने केलेली. घरात एकच मोबाइल आणि तोही बापाबरोबर कामावर, अशा पोरांना फुकट शाळा मिळाली. ज्यांची मुलं ऑनलाइन वर्गात बसत होती त्यांना ती मालिका लागत होती हेही ठाऊक नसेल. जाहिरातदाराच्या मापाने तिचा प्रेक्षक कवडीमोल. सार्वजनिक वाहिनीला रेटिंगच नको असं मी म्हणत नाही, वेगळं माप हवं म्हणतो : वर्षभरात राज्यातल्या किती घरांनी तिच्याकडे निदान एकदा कामासाठी वळून पाहिलं, आणि त्यांतली किती घरं अशी आहेत की ज्यांच्यासाठी दुसरं कुणीच काही बनवत नाही.

माझ्या योजनेतला कच्चा दुवा मला माहीत आहे. पैसा मंत्रालयाकडून काढून मंडळाकडे दिला, पण मंडळ कोण नेमणार? १९९० च्या कायद्यात राज्यसभेचे सभापती, प्रेस कौन्सिलचे अध्यक्ष आणि राष्ट्रपतींचा एक प्रतिनिधी अशी तिघांची निवडसमिती आहे. कागदावर भारदस्त दिसते, पण राष्ट्रपतींचा प्रतिनिधी म्हणजे व्यवहारात सरकारचाच माणूस. मी त्यात लोकसभेतला विरोधी पक्षनेता घालीन, आणि प्रादेशिक वाहिन्यांसाठी राज्य पातळीवर वेगळी मंडळं नेमीन, ज्यांत त्या भाषेतले शिक्षक, नाटकवाले, शेतकरी संघटनांची माणसं असतील. एवढ्यानेही भागेल याची हमी नाही. पण आज सह्याद्रीवर कोणता कार्यक्रम व्हावा हे ठरवणाऱ्या साखळीत त्या भाषेचा प्रेक्षक एकाही कडीवर नाही, तिथपासून तरी सुरुवात होईल.